उसनी क्षमा

ख्रिस्ती क्षमेविषयी मराठीत दोनच सुरांत बोलले जाते. एक सूर गहिवराचा, दुसरा उपरोधाचा. गहिवरणाऱ्यांना वैऱ्यावर प्रेम करणारा माणूस मेणबत्तीसारखा शांत, पांढरा आणि किंचित कंटाळवाणा दिसतो. उपरोध करणाऱ्यांच्या तोंडी 'दुसरा गाल पुढे करणे' हा वाक्प्रचार नेभळटपणाचा प्रतिशब्द होऊन बसला आहे. हे दोन्ही पक्ष एकमेकांना पाण्यात पाहतात; पण एका गृहीतकावर त्यांचे पूर्ण एकमत आहे. वैऱ्यावर प्रेम करणे म्हणजे वैऱ्याला सोडून देणे, असे दोघेही मानतात. पहिला पक्ष त्याबद्दल हात जोडतो, दुसरा हसतो, इतकाच फरक. आमचे भांडण या दोघांच्या सामाईक गृहीतकाशी आहे.

हे भांडण केवळ ग्रंथार्थाचे असते, तर ते धर्मशास्त्राच्या पंडितांवर सोपवून आम्ही स्वस्थ बसलो असतो. पण गेली कित्येक वर्षे आपल्या सार्वजनिक जीवनात एक रिवाज पडून गेला आहे. कुठे कुणाची घरे जाळली जातात, माणसे मारली जातात आणि राख निवायच्या आत कुणीतरी शहाणा पुढे येऊन पीडितांना सांगतो की आता पुरे, झाले गेले गंगेला मिळाले, क्षमा हाच मोठेपणा. या शहाण्याचे स्वतःचे काहीही गेलेले नसते. दुसऱ्याच्या जखमेवर तो आपल्या औदार्याची पाटी लावतो. अशा क्षमेला आम्ही उसनी क्षमा म्हणतो. उसन्या पैशाने दानधर्म करणाऱ्याला आपण दानशूर म्हणत नाही. मग उसन्या क्षमेचे कौतुक का करावे? आणि या उसनवारीसाठी जेव्हा येशूच्या वचनांचा दाखला दिला जातो, तेव्हा साहित्याच्या अध्यापकांनी निदान एवढे तरी करावे की ती वचने उघडून नीट वाचावीत.

१

आरंभ शब्दांपासूनच करू, कारण घोटाळ्याचे मूळ तिथे आहे. डोंगरावरील प्रवचनात वैऱ्याच्या संदर्भात जे ग्रीक क्रियापद येते, त्याचे नाम 'अगापे'. मराठी बायबलने त्यासाठी 'प्रीती' हा शब्द रूढ केला. शब्द गोड आहे, पण तो मराठीत एकटा येत नाही. त्याच्यामागून भावगीत येते, नाट्यपद येते, पत्रांतला मायना येतो. 'प्रीती' म्हटले की मराठी मन आधी ऊर भरून आला आहे की नाही, हे तपासते. साहजिकच वर्गात विद्यार्थी विचारतो, आपल्या बापाच्या मारेकऱ्याबद्दल ऊर कसा भरून येईल? त्याचा प्रश्न रास्त आहे. मात्र तो प्रश्न मूळ शब्दाला लागू होत नाही. मत्तय आणि लूक या दोन्ही शुभवर्तमानांत या आज्ञेचा पुढचा विस्तार पाहावा. भले करा, आशीर्वाद द्या, प्रार्थना करा, उसने द्या. सगळी क्रियापदे, आणि तीही करण्याची. वाटण्याची एकही नाही. दृष्टान्त दिला आहे तो सूर्याचा आणि पावसाचा. सूर्य दुर्जनाच्या शेतावरही उगवतो, पण म्हणून सूर्याला दुर्जनाविषयी उमाळा आहे असे कुणी म्हणत नाही.

या आज्ञेची मुळे त्याहून जुन्या यहुदी नियमशास्त्रात आहेत आणि तिथे ती फारच निरलंकृत आहे. निर्गम या ग्रंथातला नियम असा, की वैऱ्याचा बैल किंवा गाढव भरकटलेले दिसले, तर ते हाकत त्याच्या दारी नेऊन सोडावे. बांधाच्या भांडणात पिढ्या घालवलेल्या गावांना या नियमाचे मर्म वेगळे सांगायला नको. शेजाऱ्याशी बोलणे बंद आहे, कोर्टात दावा चालू आहे, आणि तरी त्याचा बैल विहिरीकडे निघाला तर तो वळवायचा. दावा मागे घ्यायचा, असे इथे कुठेही म्हटलेले नाही. वैर संपले, असेही नाही. वैराच्या आत राहूनच, वैऱ्याचे नुकसान होऊ न देण्याची ही शिस्त आहे.

आता मराठीचे आपले शब्द पाहू. दया वरून खाली वाहते. म्हणून ती घेणाऱ्याला खुपते. माफी हा शब्द अरबीतून आला आणि आपल्याकडे सारामाफी, कर्जमाफी, माफीचा साक्षीदार अशा व्यवहारी जागी स्थिरावला. गंमत अशी, की मत्तयाने नोंदवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेतही पापासाठी आलेला मूळ शब्द ऋणाचाच आहे. तिथली क्षमा म्हणजे खात्यावरचे देणे सोडणे. देणे सोडायचे, तर आधी ते खात्यावर मांडलेले असावे लागते. जे देणे कबूलच नाही, ते माफ कसे होणार? आणि तिसरा शब्द क्षमा. त्याचा धातू 'क्षम्'. सक्षम आणि क्षमता हे शब्द त्याच घरातले. सहन करणे आणि समर्थ असणे, दोन्ही अर्थ त्यात नांदतात. क्षमेला दौर्बल्य म्हणणारा माणूस येशूशी भांडण्याआधी आपल्याच भाषेशी भांडत असतो.

२

आता तो गाल. मत्तयाच्या पाठात नुसता गाल नाही, उजवा गाल आहे. समोरचा माणूस उजव्या हाताने उजव्या गालावर मारतो, तेव्हा तो फटका बहुधा पालथ्या हाताचा असतो. धन्याने गुलामाला, वरच्याने खालच्याला मारावा तसा. हा अर्थ अमेरिकन अभ्यासक वॉल्टर विंक यांनी सविस्तर मांडला आहे. लूकने 'उजवा' हा शब्द ठेवलेला नाही, म्हणून या अर्थाला शेवटचा शब्द मानू नये, हे खरे. पण शेजारची दोन उदाहरणे त्याच दिशेला बोट दाखवतात. अंगरखा मिळवण्यासाठी फिर्याद करणाऱ्याला वरचे पांघरूणही देऊन टाकावे, असे पुढे येते. नियमशास्त्राप्रमाणे गरिबाचे गहाण घेतलेले पांघरूण सावकाराने सूर्यास्तापूर्वी परत करायचे असते. ते पांघरूणही त्याच्या हाती दिले, की भर कचेरीत उघडा पडतो तो सावकार.

तिसरे उदाहरण वेठीचे. रोमन शिपाई कुणाही वाटसरूला ओझे वाहायला धरू शकत असे. मराठी भाषांतरकारांनी इथे 'वेठ' हा अचूक शब्द योजला आहे. वेठबिगारीचा इतिहास असलेल्या मुलखाला तो चटकन कळतो. सायरीनच्या शिमोनाला क्रूस वाहायला धरले, तिथेही मूळ क्रियापद हेच आहे. सक्तीच्या एका कोसानंतर स्वखुशीने दुसरा कोस चालणारा माणूस शिपायाची पंचाईत करतो. पहिल्या कोसात तो हमाल होता, दुसऱ्या कोसात तो माणूस आहे. येशूचे श्रोते परकीय सत्तेखाली दबलेले होते. वैरी हा त्यांच्यासाठी भावकीतला कुणी रुसलेला काका नव्हता; तो हातात भाला घेऊन चौकात उभा होता. म्हणूनच कार्ल श्मिट या जर्मन विधिज्ञाने, ही आज्ञा फक्त खाजगी वैऱ्यापुरती आहे आणि राजकीय शत्रूला ती लागू नाही, असा जो बारीक भेद काढला तो आम्हाला मान्य नाही. ग्रीकमध्ये वैऱ्याला आणि रणातल्या शत्रूला वेगवेगळे शब्द आहेत, हे बरोबर. पण जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात तो पहिला शब्द राष्ट्राच्या शत्रूंनाही सर्रास लावलेला आहे. १९३३ मध्ये श्मिट नाझी पक्षात दाखल झाले. तो भेद किती सोयीचा होता, हे त्यावरून कळते.

सोडून देण्याच्या गृहीतकाविरुद्ध सर्वांत भक्कम पुरावा मात्र खुद्द शुभवर्तमानांतच आहे. योहानाच्या वृत्तांतात चौकशीच्या वेळी एक शिपाई येशूच्या थोबाडीत मारतो. येशू दुसरा गाल पुढे करून गप्प उभा राहत नाही. माझे काही चुकले असेल तर ते दाखव, नसेल तर मारलेस का, असा जाब तो विचारतो. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात सत्तर वेळा सातची प्रसिद्ध क्षमा आहे. ती सगळ्यांना पाठ असते. त्याच अध्यायात, तिच्या आधी, अपराध करणाऱ्याशी कसे वागावे याची पायरीपायरीची रीत दिली आहे: आधी एकांतात त्याला अपराध दाखवावा, ऐकले नाही तर साक्षीदारांसह, तरीही नाही तर मंडळीसमोर. ही रीत कुणालाच पाठ नसते. लूकने तर दोषारोप, पश्चात्ताप आणि क्षमा असा क्रमच लावून दिला आहे. क्षमेचा उपदेश करणारे हा क्रम गिळून टाकतात. त्यांना तिसरी पायरी हवी असते. पहिल्या दोन पायऱ्या चढताना दम लागतो, कारण तिथे अपराध्याचे नाव घ्यावे लागते.

३

विरुद्ध बाजू आम्ही टाळणार नाही, कारण ती दुबळी नाही. नीत्शेने १८८७ मध्ये नीतिकल्पनांच्या वंशावळीविषयी लिहिताना क्षमेची चिरफाड केली. सूड घेता येत नाही म्हणून दुर्बळ माणूस आपल्या असमर्थतेलाच क्षमा असे नाव देतो, हा त्याचा आरोप. मराठीत या आरोपाचा सगा भाऊ म्हणजे सावरकरांची 'सद्गुणविकृती' ही संकल्पना. 'भारतीय इतिहासातील सहा सोनेरी पाने' या १९६३ च्या ग्रंथात त्यांनी शत्रूविषयीचे औदार्य हा राष्ट्रघातक दोष ठरवला आणि कल्याणच्या सुभेदाराची सून तसेच वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याची पत्नी यांना सन्मानाने परत पाठवल्याच्या कथांवरून थेट शिवाजी महाराज आणि चिमाजीअप्पा यांनाही दोष दिला. या कथा इतिहासाच्या कसोटीला किती उतरतात, हा वेगळा विषय. मराठी मनाने त्या पिढ्यान्‌पिढ्या अभिमानाने सांगितल्या, ही गोष्ट मात्र निर्विवाद आहे, आणि सावरकरांना नेमकी ती सलत होती.

नीत्शेचा आरोप असमर्थांच्या क्षमेला लागू पडतो, हे आम्ही मान्य करतो. दात पडलेल्या वाघाच्या अहिंसेचे कौतुक कुणी करू नये. पण सावरकरांची दोन्ही उदाहरणे तर विजेत्यांची आहेत! ज्याच्या हातात तलवार आहे, समोर शत्रूची स्त्री निराधार उभी आहे, तिथे त्याने हात आवरला. याला असमर्थता कशी म्हणावी? नीत्शे दुबळ्याची क्षमा नाकारतो, सावरकर बलवानाची. दोघांचे ऐकायचे, तर क्षमेला पृथ्वीवर जागाच उरत नाही. आणि हा निष्कर्ष ज्यांना हवा आहे त्यांनी तो उघडपणे मांडावा, इतिहासाच्या आडून नव्हे.

या वादात आमच्या मते लोकमान्य टिळक अधिक सावध आहेत. 'गीतारहस्या'त त्यांनी निर्वैर आणि प्रतिकार यांची गल्लत होऊ दिली नाही. मनात वैर नसणे म्हणजे दुष्टाचा प्रतिकार न करणे नव्हे, असा त्यांचा युक्तिवाद आहे. टिळकांनी या भेदाचा उपयोग ख्रिस्ती उपदेशाची मर्यादा दाखवायला केला असला, तरी आम्हाला तो त्या उपदेशाची किल्लीच वाटतो. ज्या डीट्रिख बोनहोफरने १९३७ मध्ये शिष्यत्वाविषयी लिहिताना पश्चात्तापावाचूनच्या क्षमेला स्वस्त कृपा म्हटले, तोच हिटलरविरोधी कटात सामील झाला आणि एप्रिल १९४५ मध्ये फ्लोसनब्युर्गच्या छावणीत फासावर गेला. त्याच पुस्तकात वैऱ्यावरील प्रीतीवर स्वतंत्र प्रकरण आहे. प्रतिकार त्याने सोडला नाही आणि प्रीतीही. ही विसंगती ज्याला सहन होत नाही, त्याने ख्रिस्ती क्षमेविषयी लिहू नये.

४

आता आपल्या देशातले उदाहरण घेऊ. २२ आणि २३ जानेवारी १९९९ च्या मधल्या रात्री ओडिशातील केओंझर जिल्ह्यातल्या मनोहरपूर गावी, बारिपदा येथे कुष्ठरोग्यांची सेवा करणारे ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुले, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा तिमथी, यांना जमावाने गाडीत जिवंत जाळले. ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले. ही बातमी देशभर गाजली आणि लगेच तिची पोथी झाली. तेव्हापासून आजतागायत हा प्रसंग सुविचारासारखा फळ्यावर लिहिला जातो.

त्या बाईंनी पुढे काय केले आणि काय म्हटले, हे मात्र फळ्यावर येत नाही. क्षमा आणि गुन्ह्याचे परिणाम या दोन गोष्टींची सरमिसळ करू नये, कायद्याने आपले काम करावे, ही त्यांची भूमिका होती. २००४ पर्यंत त्या बारिपद्यातच राहून कुष्ठरोग्यांचे काम पाहत राहिल्या. २००५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. खटला चालू राहिला. २००३ मध्ये भुवनेश्वरच्या न्यायालयाने दारा सिंगला फाशी ठोठावली, २००५ मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली आणि २१ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. या निकालात स्टेन्स यांना धडा शिकवण्याच्या हेतूचा उल्लेख करणारी काही वाक्ये आली होती. टीका झाल्यावर चारच दिवसांत न्यायालयाने ती स्वतःहून गाळली. ती वाक्ये गाळण्याजोगी का होती? कारण मेलेल्या माणसाच्या वर्तनात मारणाऱ्याच्या हेतूचे समर्थन शोधायला त्यांनी वाट करून दिली असती. दोषी ठरलेल्यांपैकी महेंद्र हेम्ब्रम हा पंचवीस वर्षे तुरुंगात काढून, चांगल्या वर्तणुकीवरून एप्रिल २०२५ मध्ये सुटला. ती सुटका शासनाच्या नियमांनी झाली. तिचा ग्लॅडिस स्टेन्स यांच्या क्षमेशी संबंध नाही. १९८१ मध्ये आपल्यावर गोळ्या झाडणाऱ्या मेहमेत अली आग्जाला पोप जॉन पॉल दुसरे यांनी क्षमा केली, १९८३ मध्ये त्याला तुरुंगात जाऊन भेटले. तरी इटलीने त्याला मुक्त केले ते २००० मध्ये. क्षमा एका घड्याळावर चालते, कायदा दुसऱ्या. दोन्ही घड्याळे एकाच भिंतीवर असू शकतात.

तरीही एक अवघड प्रश्न उरतो आणि साहित्याच्या माणसांनी तो विचारलाच पाहिजे. पतीच्या मारेकऱ्यांना पत्नी क्षमा करील. पण मुलांच्या वतीने? दोस्तोयेव्हस्कीच्या 'करामाझॉव्ह बंधू' या १८८० च्या कादंबरीत इव्हान हाच प्रश्न धाकट्या भावासमोर ठेवतो. जमीनदाराने कुत्री अंगावर सोडून मारलेल्या पोराच्या आईने स्वतःच्या दुःखापुरती क्षमा करावी. पोराच्या यातनांसाठी क्षमा करण्याचा अधिकार तिलाही नाही, असे तो म्हणतो. आल्योशा ख्रिस्ताकडे बोट दाखवतो, पण युक्तिवाद जिंकत नाही, आणि दोस्तोयेव्हस्कीनेही त्याला जिंकू दिलेले नाही. आम्ही इव्हानच्या बाजूने आहोत, एका पायरीपर्यंत. कुणीही दुसऱ्याच्या जखमेची क्षमा करू शकत नाही, हे सत्य आहे. खुद्द क्रूसावरचा येशूदेखील मारेकऱ्यांसाठी पित्याजवळ क्षमा मागतो. पण आपल्या वाट्याच्या जखमेचे काय करायचे, हे आईने ठरवायचे. त्यात इव्हाननेही पडू नये. आणि जिथे आईलाही संपूर्ण अधिकार नाही, तिथे चौकातल्या शहाण्याला तो कुठून आला?

५

दुसरे उदाहरण मध्य प्रदेशातले, आणि ते आमच्या प्रतिपादनाला अधिक अडचणीचे आहे. सिस्टर राणी मारिया ही केरळमधून आलेली जोगीण उदयनगरच्या परिसरात भूमिहीनांना संघटित करून सावकारीच्या विळख्यातून सोडवत होती. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे जाणाऱ्या बसमध्ये, प्रवाशांच्या देखत, तिला भोसकून मारण्यात आले. तिची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल हिने २००२ मध्ये तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. मारियाच्या घरच्यांनी आणि तिच्या संघाने त्याच्या सुटकेसाठी खटपट केली. २००६ मध्ये तो सुटला, आणि ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरला मारियाला धन्य घोषित करण्यात आले तेव्हा तो तिथे हजर होता.

इथे तर सोडून देणे आहेच, असे कुणी म्हणेल. आम्हाला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण ती राखी आहे. राखी सोडत नाही, बांधते. ज्याच्या मनगटावर ती येते, त्याच्यावर बहिणीचे ऋण चढते आणि ते जन्मभर फिटत नाही. एका बहिणीला मारणाऱ्याला दुसऱ्या बहिणीने भाऊ केले, याचा अर्थ त्याला त्याच्या कृत्यापासून मोकळे केले असा नाही. त्या कृत्यासह त्याला घरात घेतले. तो शिक्षेची कित्येक वर्षे भोगून आला होता, आणि ज्यांचे नुकसान झाले त्यांनीच त्याच्यासाठी शब्द टाकला होता. या क्षमेत एकही उसना पैसा नाही. तरीही तिला अपुरेपण आहे, आणि ते झाकू नये. भोसकणारा हात मिळाला. त्या हाताला चिथावणाऱ्या हितसंबंधांचे काय? मारिया ज्या सावकारीशी झगडली, तिला राखी बांधता येत नाही. तिथे तिचे उरलेले काम पुढे नेणे हाच एक मार्ग आहे, आणि क्षमेच्या गोष्टी सांगणाऱ्यांना तो भाग सांगायचा राहून जातो.

६

आतापर्यंत ख्रिस्ती माणसे दुर्बळ बाजूला होती. ती सत्तेच्या बाजूला असतात तेव्हा काय घडते? याचे उत्तर गोव्यात आहे आणि मराठी साहित्याच्या इतिहासाला लागून आहे. जुलै १५८३ मध्ये साष्टीतल्या कुंकळ्ळी गावात चर्चसाठी जागा पाहायला गेलेल्या रुदोल्फो अक्वाविवा यांच्यासह पाच जेझुइट आणि त्यांच्याबरोबरचे काही ख्रिस्ती ग्रामस्थांनी मारले. या हत्येला आधीच्या मोहिमांची आणि पाडलेल्या देवळांची पार्श्वभूमी होती. परंपरा अशी सांगते, की त्या पाचांतील पाशेकू यांनी बंदूक उचलणाऱ्या सोबत्याला रोखले. मरणाऱ्याने आज्ञा पाळली म्हणायची. सत्तेने मात्र पाळली नाही. गावच्या म्होरक्यांना बोलणी करण्यासाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून चौकशीविना ठार करण्यात आले. सोळांपैकी एकटा निसटला, असे सांगतात. पाच जेझुइटांना १८९३ मध्ये चर्चने धन्य घोषित केले. असोळण्यात मेलेल्यांचे स्मारक आज कुंकळ्ळीत आहे, ते गावकऱ्यांनी जपलेल्या आठवणीमुळे.

थॉमस स्टीफन्स तेव्हा गोव्यात होता. १५७९ मध्येच तो आला होता. पुढे तेहेतीस वर्षांनी, १६१६ मध्ये, राचोल येथे त्याचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. मराठीचे गोडवे गाणारा म्हणून आपण स्टीफन्सला अभ्यासक्रमात मानाने बसवतो, आणि ते योग्यच आहे. पण ज्या साष्टीत ओवीबद्ध मराठीतून ख्रिस्ताचे चरित्र ऐकवले गेले, त्याच साष्टीत असोळणे घडले होते, हे शिकवल्याशिवाय ते पुराण पुरते शिकवले जात नाही. ओवी ऐकणाऱ्याच्या कानात दुसराही आवाज असणार.

या चित्राशेजारी दुसरे चित्र ठेवावे. मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला पडला. चिमाजीअप्पाच्या फौजेने या वेढ्यात मोठी प्राणहानी सोसली होती. सुडाला निमित्त पुरेपूर होते. तरी तहाच्या अटींनुसार पोर्तुगीज शिबंदीला सन्मानाने बाहेर पडू दिले गेले. हे संतत्व नव्हते. चर्चच्या घंटा विजयचिन्हे म्हणून देवळांत गेल्या आणि त्यांतल्या काही अजून तिथे वाजतात. पण दिलेला शब्द पाळला गेला. असोळण्यात बोलणीला आलेले मारले गेले, वसईत शरण आलेले वाचले. वैऱ्याच्या भल्याची आज्ञा कुणाच्या ग्रंथात होती आणि तिचा निदान एक अंश कुणाच्या हातून घडला, हे ज्याचे त्याने पाहावे. दीड शतकाचे अंतर आहे, पक्ष निराळे आहेत, हे मान्य करूनही आम्हाला वाटते की एखाद्या धर्माच्या क्षमेची परीक्षा त्याच्या हुतात्म्यांच्या मरणात होत नाही. त्याच्या राज्यकर्त्यांच्या विजयात होते. १२ मार्च २००० रोजी जॉन पॉल दुसरे यांनी चर्चच्या अनुयायांच्या इतिहासातील पापांसाठी देवाजवळ जाहीर क्षमायाचना केली, ती म्हणूनच महत्त्वाची. क्षमा करण्याइतकेच ती मागणेही ख्रिस्ती कर्तव्य आहे, आणि सत्तेवर बसलेल्याच्या वाट्याला बहुधा मागणेच येते.

७

शेवटी राज्यसंस्थेच्या दयेविषयी, कारण उसनी क्षमा सर्वांत मोठ्या प्रमाणावर तिथेच वाटली जाते. दक्षिण आफ्रिकेच्या सत्य आणि सलोखा आयोगाकडे आपल्याकडचे वक्ते वारंवार बोट दाखवतात. आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखाली १९९६ पासून चाललेल्या या आयोगाकडे माफीचे ७,११२ अर्ज आले; मंजूर झाले ८४९. अट होती केलेल्या कृत्याचे पूर्ण सत्य सांगण्याची. म्हणजे आपल्या माफीच्या साक्षीदाराचेच तत्त्व. स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबाने या माफीच्या तरतुदीलाच न्यायालयात आव्हान दिले. ते हरले, पण बिकोंच्या मृत्यूला जबाबदार पोलिसांना आयोगाने माफी नाकारली. क्षमेची जगातली सर्वांत गाजलेली संस्थादेखील दहातल्या नऊ जणांना वा त्याहून थोड्या कमींना माफी दिलीच नाही, हे आपल्या व्याख्यानमालांत कधी ऐकायला मिळत नाही.

आणि आपल्याकडे? २००२ च्या गुजरातमधील बिल्किस बानो प्रकरणाचा खटला मुंबईत चालला, २००८ मध्ये अकरा जणांना जन्मठेप झाली, आणि १५ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरात शासनाने त्यांना मुदतीआधी सोडले. जिच्यावर अत्याचार झाला आणि जिच्या घरचे मारले गेले, तिला कुणी विचारले नव्हते. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली. शिक्षेतली सूट हा कायद्याचा भाग आहे, तिला आमचा तात्त्विक विरोध नाही. पण सूट देणाऱ्याचे काहीच गेलेले नव्हते आणि ज्यांना ती मिळाली त्यांच्या पश्चात्तापाची वार्ता नव्हती. खात्यावर दुसऱ्याचे येणे. खोडणारा हात तिसऱ्याचा.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. वैऱ्यावरील प्रीती ही उमाळ्याची बाब नसून आचरणाची शिस्त आहे. ती अपराधाचे नाव घेते, जाब विचारते, आणि न्यायाच्या वाटेत आडवी येत नाही. तिचा अधिकार ज्याला जखम झाली त्याच्यापाशी असतो, आणि न करण्याचा अधिकारही त्याच्यापाशीच असतो. तिची खरी कसोटी हातात सत्ता आल्यावर लागते. ग्लॅडिस स्टेन्स यांची क्षमा मोठी आहे ती एवढ्याचसाठी, की ती त्यांची होती. वर्गात ती शिकवायची असेल, तर फळ्यावर खटल्याच्या तारखाही लिहाव्या लागतील. आणि 'ख्रिस्तपुराण' शिकवायचे असेल, तर असोळण्याचे नाव उच्चारावे लागेल. ज्यांना हे जड वाटते, त्यांनी पीडितांना क्षमेचे धडे देण्याआधी स्वतःच्या वैऱ्याचा एखादा भरकटलेला बैल त्याच्या दारी नेऊन सोडून पाहावा. ग्रंथात तेवढेच मागितले आहे, आणि ते पुष्कळ आहे.